हृदय यंत्रावर आहे, पण पायाचं काय?

डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांना चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात एक्मोवर ठेवलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. २०२० मध्ये एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आजारपणात तो पुन्हा कानावर पडला, आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर एक्मोचा बेड कुठे मिळेल म्हणून लोक फोन फिरवत होते. एवढं होऊनही या यंत्राची एक बाजू आयसीयूच्या दाराबाहेर फारशी येत नाही. हृदयाला आधार द्यायची नळी बहुतेक वेळा जांघेतून घालतात, आणि ज्या पायातून ती घालतात त्या पायाचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती पहिल्या तासापासून असते.

आधी यंत्राबद्दल थोडं. ऑक्सिजन संपलेलं काळपट रक्त जाड नळीने बाहेर ओढायचं, पंपाने कृत्रिम फुफ्फुसातून म्हणजे ऑक्सिजनेटरमधून ढकलायचं आणि लालभडक झालेलं रक्त परत शरीरात सोडायचं, हे एक्मोचं काम. ऑपरेशन थिएटरमधल्या हार्ट-लंग मशीनचंच हे भावंड. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात ते मशीन लावून एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेव्हा २६ मिनिटं तिचं रक्ताभिसरण पूर्णपणे यंत्रावर होतं. एक्मोवर माणूस दिवसचे दिवस राहतो, कधी आठवडेही. तेवढा सगळा काळ ती नळी जांघेतच असते.

एक्मोचे दोन मुख्य प्रकार. फक्त फुफ्फुसं निकामी झाली असतील तर रक्त शिरेतून घेऊन शिरेतच परत देतात. कोविडमधले बहुतेक एक्मो असे होते. हृदयच थकलं असेल, म्हणजे मोठा हार्ट अटॅक आला असेल, मायोकार्डायटिसने हृदयाचा स्नायू सुजला असेल, शस्त्रक्रियेनंतर हृदय उचल घेत नसेल किंवा सीपीआर देऊनही चालू होत नसेल, तर रक्त शिरेतून घेतात आणि धमनीत सोडतात. याला व्हीए एक्मो म्हणतात. पायाचा हा धोका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारातला, त्यामुळे इथून पुढे एक्मो म्हटलं की तोच समजा.

जांघच का? कारण तिथली धमनी कातडीपासून फार खोल नाही, बऱ्यापैकी मोठी आहे, आणि छातीवर सीपीआर चालू असताना दुसऱ्या डॉक्टरला तिथे विनाअडथळा हात घालता येतो. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीत मिनिटं मोजायची असतात. छाती उघडत बसायला वेळ नसतो.

अडचण आहे ती मापाची. या नळ्यांचं माप फ्रेंच नावाच्या एककात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मोठ्या माणसाला धमनीत साधारण १५ ते १९ फ्रेंचची नळी घालतात. आता एखाद्या बाईच्या जांघेतली धमनी आतून ७ मिलिमीटरची आहे असं धरा. १७ फ्रेंचची नळी बाहेरून सुमारे ५.७ मिलिमीटर जाड. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर धमनीचा दोनतृतीयांश भाग नळीनेच व्यापला. १९ फ्रेंच घातली तर जेमतेम पाचवा हिस्सा मोकळा राहतो, १५ फ्रेंच घातली तर जवळपास निम्मा. शिवाय डिवचलेली धमनी आकसते, त्यामुळे कागदावर मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात आणखी कमी. पूर्वी जितकी मोठी नळी बसेल तितकी घालावी असा कल होता. आता बरीच केंद्रं काम भागेल एवढीच, म्हणजे शक्य तिथे १५ किंवा १७ची नळी घालतात. माझ्या मते पाय वाचवण्याचा अर्धा निर्णय तिथेच, नळीचं पाकीट फोडायच्या आधी होतो.

दुसरी गोष्ट दिशेची. नळीचं टोक वर, पोटाकडे तोंड करून असतं. यंत्र मिनिटाला तीन-चार लिटर रक्त सोडतं ते सगळं महाधमनीकडे, मेंदू, मूत्रपिंडं आणि आतड्यांसाठी. नळी जिथे शिरली त्याच्या खालचा पाय मात्र नळीच्या कडेने जे झिरपेल त्यावर आणि कुल्ह्याकडून येणाऱ्या आडवाटेच्या लहान धमन्यांवर जगतो. कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. धरण भरलेलं असतं, कालवा सुटलेला असतो, आणि टेलची चारी कोरडी ती कोरडीच.

हे किती जणांच्या बाबतीत होतं? २० अभ्यासांतल्या १,८६६ प्रौढ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात जवळपास १७ टक्के रुग्णांच्या पायाचा रक्तपुरवठा अपुरा पडला होता, सुमारे १० टक्क्यांना पोटरीतला दाब वाढल्यामुळे चिरा द्याव्या लागल्या किंवा तशी वेळ आली, आणि ४.७ टक्क्यांचा पाय कापावा लागला. तेव्हापासून काळजीच्या पद्धती सुधारल्या आहेत, पण धोका संपलेला नाही.

कुणाला जास्त धोका, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मधुमेह, तंबाखू, पायाच्या धमन्यांत आधीच साठलेली चरबी हे तर आलंच. पण तरुण, बारीक चणीच्या बायकांनाही हा त्रास बऱ्याचदा होतो. एक तर त्यांच्या धमन्या मुळात लहान. शिवाय ज्याच्या धमन्या वर्षानुवर्षं हळूहळू तुंबत गेल्या, त्याच्या शरीराने तेवढ्या काळात पर्यायी वाटा तयार केलेल्या असतात. निरोगी पायाला तशी गरजच कधी पडलेली नसते. काल-परवापर्यंत ठणठणीत असलेली आणि व्हायरल मायोकार्डायटिसने अचानक कोसळलेली पंचविशीतली मुलगी या हिशोबाने जास्त जपायची रुग्ण ठरते.

आता सगळ्यात कठीण भाग. एरवी पायाचं रक्त अडलं की पाय ओरडून सांगतो. असह्य दुखतं, मुंग्या येतात, बोटं हलेनाशी होतात, पाय पांढरा आणि गार पडतो, नाडी लागत नाही. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला ही सहा लक्षणं पाठ असतात. एक्मोवरच्या माणसाच्या बाबतीत त्यांची एकेक करून वाट लागते. तो बहुतेकदा गुंगीच्या औषधांवर असतो, म्हणून दुखणं आणि मुंग्या कळत नाहीत. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर बोटं तशीही हलणार नसतात. बीपी टिकवायला नॉरॲड्रेनॅलिनचा ठिबक असतो. त्याने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चारही पंजे थोडे गार, थोडे निळसर दिसतात. राहिली नाडी. एक्मोचा पंप गोल फिरत सलग धार सोडतो, ठोके देत नाही. रुग्णाचं स्वतःचं हृदय जवळपास थांबलेलं असेल तर नाडी मनगटालाही लागत नाही, मग घोट्यापाशी कुठून लागणार?

म्हणजे उपचारानेच पायाची बोलती बंद केलेली असते. आणि स्नायूंकडे वेळ असतो चार ते सहा तासांचा. त्यानंतर होणारं नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही. मज्जातंतू तर त्याआधीच कुरकुरायला लागतात. सकाळच्या राउंडला पाय बरा होता, आता रात्रीच्या राउंडला बघू, असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

यावरचा मुख्य उपाय ऐकायला अगदी साधा आहे. मोठ्या नळीचं तोंड वर आहे ना, मग खाली तोंड करून दुसरी लहान नळी घालायची. तिला डिस्टल पर्फ्युजन कॅन्युला म्हणतात. ६ ते ८ फ्रेंचची, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटरची. जांघेतली मुख्य धमनी थोडं खाली गेल्यावर दोन फाट्यांत विभागते. एक खोल मांडीच्या स्नायूंकडे वळते, दुसरी सरळ गुडघ्याकडे उतरते. लहान नळी घालायची ती या उतरत्या फाट्यात, पावलाच्या दिशेने. मोठ्या नळीच्या कडेला एक छोटं तोंड असतं. तिथून आखूड जोडनळी आणून हिला जोडतात. यंत्राच्या चार लिटरमधले काहीशे मिलिलिटर रक्त या वाटेने पायाला मिळतं. वरच्या अवयवांना तेवढं कमी पडलं तरी फरक पडत नाही, आणि पायाला तेवढं पुरतं.

करायला मात्र ती तितकी सोपी नाही. मोठी नळी बसली की खालची धमनी रिकाम्या पिशवीगत चपटी होते आणि नाडी नसल्यामुळे बोटाने चाचपून सापडत नाही. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, पडद्यावर शीर कुठली आणि धमनी कुठली हे ओळखून, सुई तिरपी खाली घालायची, तिच्यातून तार सरकवायची आणि तारेवरून नळी. सुई जरा इकडेतिकडे गेली तर खोल फाट्यात किंवा थेट शिरेत जाते. म्हणून अनुभवी मंडळी शक्य असेल तेव्हा लहान नळीची तार आधीच, धमनी भरलेली असतानाच, आत ठेवून देतात आणि मग मोठी नळी घालतात. सीपीआर चालू असताना एवढी सवड नसते. तेव्हा आधी मोठी नळी, हृदयाला आधार, आणि लगेच पुढच्या काही तासांत लहान नळी. हे "लगेच" कुणाच्या तरी नावावर असावं लागतं. नाहीतर कॅथलॅबवाल्यांना, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतल्या मंडळींना, वाटतं आयसीयूवाले बघतील, आणि आयसीयूवाल्यांना वाटतं कॅथलॅबमध्ये झालंच असेल.

ही नळी सगळ्यांना घालावी की पाय गार पडल्यावर, यावर बरीच वर्षं वाद झाला. आता कल स्पष्टपणे सुरुवातीलाच घालण्याकडे आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. पाय बिघडल्याचं कळायलाच इथे उशीर होतो, मग कळल्यावर घालू म्हणण्यात काय अर्थ?

नळी बसली म्हणजे काम झालं असंही नाही. बारीक असल्यामुळे तिच्यातला प्रवाह मंद, आणि मंद रक्त गोठायला वेळ लागत नाही. पाय किंचित दुमडला, रुग्णाला कुशीवर वळवताना जोडनळीला पीळ बसला, तीन तोंडांची छोटी तोटी चुकून बंद राहिली, की पुरवठा बंद. म्हणून सिस्टर टॉर्च घेऊन त्या पारदर्शक नळीत काळी गुठळी किंवा धागा दिसतो का हे बघतात, आणि तो पाय सरळच राहील याकडे लक्ष ठेवतात. ती जोडनळी चादरीखाली जाऊ न देणं हाही नेमाचाच भाग. जे झाकलं गेलं ते तपासायचं राहिलं.

पायावर नजर ठेवायचं उत्तम साधन म्हणजे दोन्ही पोटऱ्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या. त्यांतून अवरक्ताजवळचा प्रकाश स्नायूत सोडतात आणि किती परत आला त्यावरून तिथल्या रक्तात ऑक्सिजन किती उरला आहे हे पडद्यावर सतत दिसतं. तंत्राचं नाव निअर्स. बोटाला लावायच्या नेहमीच्या ऑक्सिमीटरला नाडीचे ठोके लागतात, निअर्सला लागत नाहीत, म्हणून ते इथे उपयोगी. नळी असलेल्या पायाचा आकडा ५० च्या खाली गेला, किंवा दुसऱ्या पायापेक्षा १५-२० ने मागे पडला, की गजर व्हायला हवा. एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नये. पोटरीवर चरबी किंवा सूज असली की आकडा फसवतो. दोन पायांतला फरक आणि तासागणिक होणारी घसरण जास्त खरं सांगतात. आणि दोन्ही पायांचे आकडे एकदमच पडले तर बिघाड बहुधा पायात नसतो. बीपी, हिमोग्लोबिन किंवा यंत्राचा प्रवाह बघायचा.

निअर्स महाग आहे, सगळीकडे नसतं. तिथे हाताशी येतं खिशात मावणारं डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र. घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या पाठीवर जेल लावून प्रोब ठेवायचा आणि ऐकायचं. निरोगी माणसाच्या धमनीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो. एक्मोवर तो सलग वाऱ्यासारखा येतो, बराचसा शिरेच्या आवाजासारखा, त्यामुळे नवख्याची फसगत होते. म्हणून जिथे आवाज लागला तिथे मार्करने फुली मारून ठेवतात आणि दर तासाला त्याच फुलीवर ऐकतात. सोबत रंग, ऊब, नख दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परतते, आणि पोटरी मऊ आहे की ताठ, एवढं तक्त्यात भरायचं. दोन्ही पायांचं.

पोटरीची चौकशी का, ते सांगतो. गुडघ्याखालचे स्नायू चार घट्ट, न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बसलेले असतात. उपाशी राहिलेल्या स्नायूला रक्त परत मिळालं की तो सुजतो. आवरण ताणत नाही, मग दाब आतच वाढत जातो आणि बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. म्हणजे रक्त सुरू करून दिल्यावरही पाय दुसऱ्यांदा गुदमरतो. कप्प्यातला दाब ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास गेला की सर्जन पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करतात. याला फॅशिओटॉमी म्हणतात. जखम दिवसचे दिवस उघडी ठेवावी लागते, आणि नातेवाइकांना ते बघवत नाही. पण न केलं तर स्नायू मरतो, त्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरतं, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडं बसतात. पाय वाचवायच्या हट्टापायी जीव जाऊ शकतो. कधी पाय कापायचा निर्णय घ्यावा लागतो तो यासाठी.

त्यात भर रक्त पातळ ठेवण्याची. प्लास्टिकच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावंच लागतं. कमी पडलं तर बारीक नळी आणि पायाच्या धमन्या गोठतात. जास्त झालं तर पोटात, मेंदूत, जखमांतून रक्तस्राव. ब्रॉडवेचा अभिनेता निक कॉर्डेरो याच्या बाबतीत ही कोंडी जगाने बघितली. २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तो कोविडने लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात एक्मोवर होता. उजव्या पायाचा रक्तपुरवठा अडला. गुठळ्यांसाठी रक्त पातळ करायची औषधं दिली, तर आतड्यात रक्तस्राव आणि बीपीचा त्रास. औषधं थांबवली, तर पाय जाणार. शेवटी उजवा पाय कापावा लागला, असं त्याच्या पत्नीने स्वतःच जाहीर केलं. जुलैमध्ये तो गेला. तिथे कुणी हलगर्जीपणा केला असं यातून निघत नाही. दोन्हीकडून आग लागलेली असताना निवड करायची असते, एवढंच.

जांघ टाळता येते का? येते, पण घाईच्या वेळी नाही. खांद्याखालच्या धमनीला कापडी कृत्रिम नळी शिवून तिच्यातून रक्त देता येतं. मग पाय सुटतो, पण कधीकधी त्या हातालाच जास्त रक्त जाऊन तो टम्म सुजतो. दोन्ही दिशांना रक्त सोडणारी एकच नळीही आली आहे. शिरेची जाड नळी आणि धमनीची नळी एकाच पायात घालावी की दोन वेगळ्या, यावरही दोन मतं आहेत: एकाच पायात घातल्या तर दुसरा पाय सुखरूप राहतो, पण त्या एका पायात रक्त जायलाही अडचण आणि परत यायलाही.

आपलं माणूस आयसीयूत असेल तर नातेवाइकांच्या हाती फार काही नसतं, पण एक माहिती फक्त त्यांच्याकडेच असते. चार पावलं चाललं की त्यांच्या पोटऱ्या भरून येत होत्या का? पायाच्या धमनीत स्टेंट आहे का? आधीची अँजिओग्राफी कुठल्या जांघेतून झाली? बायपाससाठी कुठल्या पायाची शीर काढली होती? पेशंट बेशुद्ध असल्यामुळे हे दुसरं कुणीच सांगू शकत नाही. विचारायची वाट न बघता सांगून टाका. आणि भेटायला आत गेल्यावर पाऊल गार लागलं म्हणून तळवे चोळू नका, तेल लावू नका, गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नका. रक्त कमी असलेल्या बधिर कातडीला साधी ऊबही भाजते आणि ते भाजलेलं लवकर भरत नाही. पायाखाली उशा रचून पाय उंचही करू नका, उंचावर रक्त आणखी कमी चढतं. टाचेला मऊ आधार आणि वर हलकं पांघरूण पुरे. पाय गार वाटला तर सिस्टरला सांगा आणि दोन्ही पायांना हात लावून फरक आहे का ते बघायला सांगा.

नळी निघाली म्हणजे पाय सुटला, असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नसतं. जांघ उघडून धमनी शिवताना आत राहिलेली गुठळी काढावी लागते. टोकाला लहान फुगा असलेली नळी गुठळीपलीकडे नेऊन, फुगवून, ओढून काढतात. थॉमस फोगार्टी यांनी ही युक्ती १९६३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तीच चालते. पुढचे दोन-तीन दिवस डॉप्लर आणि तक्ता चालूच ठेवावा लागतो. जाड नळी होती त्या शिरेतही बऱ्याच जणांना गुठळी झालेली सापडते, म्हणून पायाची सोनोग्राफी होते. काहींचं पाऊल वर उचलायचं बंद होतं, चालताना पंजा घासतो. त्यांना पाऊल काटकोनात धरणारी पट्टी आणि बरेच महिने फिजिओथेरपी लागते. डिस्चार्जच्या कागदावर कुठल्या जांघेत कुठली नळी होती आणि धमनी टाके घालून बंद केली की कसं, हे लिहून घ्या. पुढे कधी अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असेल.